काठी सरावापुरतीच ठेवा
गोल्फमध्ये दिशा चुकू नये म्हणून पायांशी काठी ठेवून उभं राहायची सवय करा आणि सामन्यातही निदान एखादा क्लब (चेंडू मारायची काठी) जमिनीवर आडवा ठेवून दिशा तपासा, असा सल्ला दिला जातो. सरावाचं अगदी पटलं. सामन्यात मात्र तसं करू नका. २०१९ पासूनच्या नियम १०.२ब प्रमाणे दिशेसाठी जमिनीवर वस्तू ठेवून पवित्रा घेतला, म्हणजे फटक्यासाठी पाय रोवून उभं राहिलं, की दंड लागतोच, स्ट्रोक प्ले (एकूण फटके मोजायचा प्रकार) असेल तर दोन फटक्यांचा. मग मागे सरून ती वस्तू उचलली तरी दंड सुटत नाही. चेंडूवर रेघ मारून ती पटच्या (चेंडू भोकाकडे घरंगळवायच्या हलक्या फटक्याच्या) दिशेला लावणं मात्र चालतं.

म्हणून सामन्यात अमेरिकी गोल्फपटू जॅक निकलसची पद्धत वापरा. चेंडूच्या मागे उभं राहून लक्ष्याच्या रेषेत थोडंच पुढे असलेलं एखादं पान किंवा गवताचा वेगळा ठिपका हेरायचा आणि क्लबचं तोंड आधी त्याला लावायचं. पाय त्यानंतर. १५० मीटरवर पाच अंशांची चूक म्हणजे चेंडू जवळपास १३ मीटर बाजूला!

आणखी एक, सरावातही काठी फक्त पायांशी ठेवून भागत नाही. चेंडू फार पुढे ठेवला तर पाय बरोबर असूनही उजव्या हाताने खेळणाऱ्याचे खांदे डावीकडे उघडतात, म्हणून तीच काठी छातीवर आडवी धरून बघा. महागड्या फायबरच्या काठ्यांची गरजच नाही. आपल्या कोल्हापुरात बुरुड गल्लीत बांबूची सरळ काठी मिळेल. पटिंगच्या सरावाला दोन खिळ्यांत ताणलेली गवंड्याची दोरी पुरते.