मदत हवी आहे : आयटीचं काँट्रॅक्ट आणि घरचा मसाला, दोन वेगळ्या कंपन्या काढू का?

पन्हाळ्याचा_पाऊस
मुक्काम कोल्हापूर. अमेरिकेतल्या एका कंपनीसाठी काँट्रॅक्टवर सॉफ्टवेअरचं काम करतो. वर्षाला साधारण ३८ लाख, सगळे डॉलरमध्ये येतात. माझ्या पॅनवर जीएसटी आहे, एलयूटी (निर्यातीवर जीएसटी न भरण्यासाठीचं हमीपत्र) दरवर्षी भरतो, रिटर्न ४४एडीएखाली (निम्मी जमाच उत्पन्न धरायची आयकरातली सोय). घरी आई आणि बायको कांदा-लसूण मसाला आणि पापड करतात. विक्री ९ लाखांच्या आसपास, पैसे सध्या माझ्याच यूपीआयवर येतात.
कामासाठी प्रायव्हेट लिमिटेड आणि मसाल्यासाठी एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) काढावी म्हणतोय. की दोन्ही एकाच कंपनीत घालू? शिवाय पल्व्हरायझर (मसाला कुटायचं यंत्र) घ्यायचाय. माझ्या जीएसटी नंबरवर घेतला तर क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळेल का?

खतावणी
वेगळं कराच, पण त्यासाठी कंपन्या लागत नाहीत. पॅन वेगळा झाला की बहुतेक काम झालं.
४४एडीए कंपनीला मिळत नाही आणि एलएलपीलाही नाही. आज तुमच्या ३८ लाखांपैकी निम्मे, म्हणजे १९ लाख, उत्पन्न धरलं जातं. नव्या करप्रणालीत त्यावर सेससकट कर होतो १,८७,२००. तुमचा खरा खर्च काय, एक लॅपटॉप आणि इंटरनेट. कंपनी केलीत की ही सवलत गेली. वर पहिल्या वर्षापासून ऑडिट (विक्री शून्य असली तरी), एओसी-४ आणि एमजीटी-७ए हे वार्षिक फॉर्म, आणि उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये. कंपनीचा पैसा तुमचा नसतो हेही लक्षात घ्या. पगार किंवा लाभांश म्हणूनच बाहेर काढता येतो, आणि लाभांशावर तुमच्या हातात पुन्हा कर.
पावत्यांत रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ४४एडीएची मर्यादा ७५ लाख आहे. तिच्या जवळ पोचलात की कंपनीचा विचार करा. (नव्या आयकर कायद्यात ४४एडी, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीची तशीच सोय, आणि ४४एडीए हे सगळं कलम ५८ मध्ये गेलंय. सवयीने जुनेच आकडे लिहितोय.)
मसाल्याला एलएलपी तर अजिबात नको. पहिल्या रुपयापासून सपाट ३० टक्के आणि सेस, शिवाय दरवर्षी फॉर्म ८ आणि ११ भरायचे. तोच धंदा आईंच्या नावे प्रोप्रायटरी (एकट्याच्या मालकीचा) असेल तर त्यांचं १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त जातं. ४४एडीखाली डिजिटल विक्रीवर किमान ६ टक्के नफा दाखवायचा असतो, पण ५४ हजार दाखवून थांबू नका. खरा नफा अडीच-तीन लाख असेल तर तोच दाखवा. कर तसाही शून्य, आणि पुढे मुद्रा कर्ज मागताना बँक रिटर्नच बघते.

नावे_जमा
मुळात मसाला तुमच्या पॅनवर ठेवण्यातच अडचण आहे. ४४एडीच्या पोटकलम ६ मध्ये डॉक्टर, वकील, इंजिनिअर अशा ठरावीक पेशातल्या व्यक्तीला वगळलंय. त्यामुळे इंजिनिअरने शेजारी धंदा चालवला तर त्या धंद्याला ४४एडी लागू होतं का, यावर सीएंमध्येच दोन मतं आहेत. वादात पडायचंच कशाला?
जीएसटीची गोष्ट जास्त महागात पडते. उलाढाल पॅनवार मोजतात आणि निर्यातही त्यात धरतात. तुम्ही नोंदणीकृत आहात, म्हणून तुमच्या यूपीआयवर आलेल्या मसाल्याच्या पहिल्या पाकिटापासून ५ टक्के लागू. पापड करमुक्त, पण बिल तेही हवंच. हाच माल आईंच्या पॅनवर असेल तर महाराष्ट्रात ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही.
म्हणून क्यूआर आजच बदला. आईंच्या नावे चालू खातं, उद्यम (लघुउद्योग नोंदणी), एफएसएसएआय (खाद्यपदार्थांचं लायसन्स) आणि गुमास्ता, म्हणजे दुकान-आस्थापना नोंदणी (२० पेक्षा कमी कामगार असतील तर नुसती ऑनलाइन सूचना पुरते). घर तुमच्या नावावर असेल तर ना हरकत पत्र द्या. पाकिटावर उत्पादक म्हणून ज्यांचं नाव छापाल त्यांचंच नाव लायसन्सवर हवं. छपाईला पाच हजार पाकिटं टाकण्याआधी हे जुळवा.
मागची विक्री नेमकी कोणाची धरायची ते सीएसमोर बसून ठरवा. तुमची निघाली तर डीआरसी-०३ (आपणहून जीएसटी भरायचा फॉर्म) ने कर भरून मोकळे व्हा.
पल्व्हरायझरचं क्रेडिट विसरा. मसाला आईंच्या नावे गेला की यंत्र तुमच्या सॉफ्टवेअरच्या कामात वापरलं जात नाही, म्हणून क्रेडिट बसत नाही. निर्यातीच्या परताव्यात मिरची कुटायच्या यंत्राचं बिल दिसलं की अधिकारी फाइल उघडणारच.

पन्हाळ्याचा_पाऊस
यंत्राचे पैसे मीच देणार. धंदा आईऐवजी बायकोच्या नावावर केला तर? धावपळ तीच करते.

खतावणी
तिथे क्लबिंग (दुसऱ्याचं उत्पन्न तुमच्यात मिळवणं) आडवं येतं. बायकोला तुम्ही दिलेलं भांडवल धंद्यात गेलं, तर वर्षाच्या पहिल्या दिवशी एकूण भांडवलात त्याचा जितका हिस्सा, तितका नफा तुमच्या उत्पन्नात मिळवतात. ४ लाखांपैकी ३ लाख तुमचे असतील तर पाऊण नफा तुमच्याकडे. आईला दिलेल्या रकमेला हे लागू नाही, आणि त्यांना त्यावर करही नाही. पैसे बँकेतून पाठवा, साध्या कागदावर भेटपत्र करा, यंत्राचं बिल आईंच्या नावे घ्या. वहिनींना हिस्सा द्यायचाच असेल तर पुढे सासू-सुनेची भागीदारी करा, वहिनींचं भांडवल त्यांच्या स्वतःच्या बचतीतून घाला.

अटी_लागू
एका मुद्द्यावर कंपनीची बाजू घेतो. काँट्रॅक्टमधलं इंडेम्निटीचं (क्लायंटचं नुकसान भरून देण्याचं) कलम वाचलंत का? भरपाईला मर्यादा नसेल तर प्रोप्रायटर म्हणून घर आणि एफडी दोन्ही उघड्यावर आहेत. आधी क्लायंटकडून मर्यादा घालून घ्या, १२ महिन्यांच्या बिलाइतकी मागणं रास्त आहे. नाहीच ऐकलं तर जास्तीचा कर सोसूनही कंपनी परवडेल.
दोन्ही एका कंपनीत मात्र नकोच. मसाल्याचा एक नमुना भेसळीच्या तपासणीत अडकला की नोटीस कंपनीला, आणि डॉलर येतात तेही त्याच खात्यात.

पन्हाळ्याचा_पाऊस
पटलं, आईच्याच नावाने करतो. शेवटचं एक : बेळगाव-निपाणीची बरीच गिऱ्हाइकं कुरिअरने मागवतात. ४० लाखांच्या आत आहोत म्हणजे चालेल ना?

नावे_जमा
नाही. दुसऱ्या राज्यात मसाल्यासारखा करपात्र माल विकला की जीएसटी कायद्याच्या कलम २४ प्रमाणे विक्री कितीही असो, नोंदणी सक्तीची. निपाणी तुम्हाला जवळची असली तरी ती कर्नाटकात. त्या गिऱ्हाइकांनी कोल्हापुरात दुकानावर येऊन नेलं तर गोष्ट वेगळी. पार्सलं सोडवत नसतील तर आईंच्या नावे नोंदणी करा आणि ५ टक्के किमतीत धरा. कंपोझिशनचा (छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेचा) १ टक्का इथे मिळणार नाही, कारण त्यात परराज्यात विक्रीच करता येत नाही.