गंजलेल्या गर्डरला बेसाल्टचं कापड चिकटवून भागेल का?

साईटवर_नवी: नमस्कार. छोट्या पुलाच्या काँक्रीट गर्डरचं तळाचं कव्हर, म्हणजे सळयांवरचा काँक्रीटचा थर, सुटलंय, सळया उघड्या पडून तांबूस झाल्यात. कंत्राटदार म्हणतो, इपॉक्सीने बेसाल्ट फायबरचं कापड चिकटवलं की गंजाची कटकट कायमची मिटली. खरं का हे?

काळा_पाषाण: बेसाल्ट गंजत नाही हे खरं. दगडच तो, १४०० अंशांच्या वर वितळवून केसाहून बारीक तंतू ओढतात. कार्बन फायबर वीजवाहक असल्याने पोलादाला टेकलं तर गंज वाढवू शकतं. इथे ती भीती नाही.

दुरुस्तीवाला: कापड गंजत नाही हो, पण आतली सळई गंजतच राहते, त्याचं काय? गंज मूळ पोलादापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि कव्हर आतून ढकलतो. मी एका खांबाला असंच घाईत कापड लपेटू दिलं होतं. पुढच्या पावसाळ्यानंतर हातोडीने ठोकलं तर बद्द आवाज. कड उचलली, तर कापडाच्या पाठीला काँक्रीटचा पापुद्रा चिकटून आला, ओला आणि तांबडा. गोंद शाबूत होता, काँक्रीटच सुटलं होतं. ते अजून मनातून जात नाही.

म्हणून आधी सैल काँक्रीट सळईच्या मागपर्यंत फोडून काढा, सळया घासून चकचकीत करा, काँक्रीटमध्ये क्लोराइड, म्हणजे गंज वाढवणारा खारटपणा, किती शिरलाय ते तपासा, पाणी कुठून झिरपतंय ते बंद करा. मग दुरुस्तीचं मॉर्टर. ते पिकलं की पुल-ऑफ चाचणी घ्या, म्हणजे पृष्ठभागावर चकती चिकटवून ती ओढून किती ताणाला सुटते ते बघा, किमान १.४ मेगापास्कल मिळाल्याशिवाय कापडाला हात लावू देऊ नका. कापड कोपऱ्यावरून वळवणार असाल तर कोपरे किमान १३ मिमी त्रिज्येत गोल करा, नाहीतर धारेवर तंतू तुटतात.

साईटवर_नवी: झिजलेल्या सळयांच्या जागी बेसाल्टच्याच सळया टाकल्या तर?

दुरुस्तीवाला: मापाला माप म्हणून अजिबात नको. ताणाला त्या दणकट आहेत, पण ताठपणा साधारण ५० गिगापास्कल, पोलादाचा २००. गर्डर जास्त वाकेल, भेगा रुंदावतील. शिवाय पोलाद तुटण्याआधी लांबतं, इशारा देतं. ही सळई एकदम तुटते. साईटवर वाकवताही येत नाही. डिझाइन नव्यानेच करून घ्यावं लागेल.

उद्या हातोडी घेऊन पूर्ण तळ ठोका, बद्द वाजेल तिथे खडूने रेघ मारा आणि फोटो इथे टाका. बघू किती पसरलंय ते.