हायब्रिड पिकअपचा ॲव्हरेज: रिकाम्या हौद्यानं आम्हाला हिशेब शिकवू नका

द्राक्षवाला_तासगाव

परवा 'ह्यूस्टनचा_सांगलीकर' यांनी इथं लिहिलं की त्यांचा फोर्ड मॅव्हरिक हायब्रिड पिकअप (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेला) लिटरला १८ किलोमीटर देतो, आणि "गावाकडं अजून डिझेलचा धूर काढत फिरणाऱ्यांना साधा हिशेब कळत नाही". दोन दिवस गप्प बसलो. पण ते शेवटचं वाक्य डोक्यातनं जाईना, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

हिशेब आम्हालाच कळतो. नऊ वर्षं पिकअप चालवतोय आणि डिझेल टाकल्याची प्रत्येक नोंद वहीत आहे. तारीख, किलोमीटर, लिटर, कुठला माल, किती क्रेट. बँकेचा हप्ता ज्याच्या डोक्यावर असतो तो माणूस ॲव्हरेज अंदाजानं सांगत नाही.

आता तुमचे १८. त्या गाडीचे अमेरिकेतले सरकारी आकडे तीन आहेत: शहरात ४२, हायवेला ३३, दोन्ही मिळून ३७ मैल प्रति गॅलन. आपल्या मापात १७.९, १४ आणि १५.७. तुम्ही तिन्हीतला सगळ्यात मोठा उचलला आणि बाकीचे दोन सांगितलेच नाहीत. माझी गाडी तर नव्वद टक्के हायवेलाच असते.

आणि मुख्य गोष्ट अशी की पिकअपचा ॲव्हरेज किलोमीटरवर मोजत नाहीत, मालावर मोजतात. मॅव्हरिकवर वजन घालायची मर्यादा साधारण ६८० किलो, त्यात चालवणारा माणूसही आला. म्हणजे माल ६०० किलो धरा. हायवेला १४ धरले तर एका लिटरमध्ये एक टन माल ८.४ किलोमीटर जातो. माझी दीड टन द्राक्षं घेऊन १२ देते, म्हणजे एक टन माल १८ किलोमीटर, १८ टन-किलोमीटर. आता सांगा, हिशेब कुणाला कळत नाही?

मिरजवाला

दादा, मुद्दा बरोबर, पण १५.७ कुठनं आणले? ३७ मैलाचे ५९.५ किलोमीटर, भागिले ४.५४६. उत्तर १३.१ येतं. म्हणजे ती गाडी तुम्ही म्हणताय त्याहूनही कमी देते.

फिटर_कराड

मिरजवाले, तो इंग्लंडचा गॅलन. अमेरिकेचा ३.७८५ लिटरचा असतो. १५.७ बरोबर आहे.

मिरजवाला

बरं, ते चुकलं माझं. तरी १८ नव्हेतच ना?

ह्यूस्टनचा_सांगलीकर

शहरात १८ मिळतात आणि मी शहरातच चालवतो. घर ते ऑफिस, दर सिग्नलला थांबत. तीन वर्षांत शहरातला सरासरी १८.३ आहे. हायवेला ताशी ११५-१२० नं गेलो की १३ च्या वर जात नाही, हेही खरं. लिहायला हवं होतं, लिहिलं नाही.

पण काका, तुमचा १८ टन-किलोमीटरचा आकडाही अर्धाच आहे. नवी मुंबईत वाशीच्या बाजारात माल टाकून परत येताना हौद्यात काय असतं? रिटर्न भाडं रोज मिळतं का? रिकामी गाडी परत आणायला लागणारं डिझेल तुम्ही कुठं धरलंय? जाणं-येणं मिळून मांडा, मग बोलू.

आणि एक गैरसमज काढून टाका. इथं निम्मे लोक पिकअप घरच्या कारसारखा वापरतात. आठवड्याचे पाच दिवस हौदा रिकामाच असतो. त्यांच्यासाठी १९१ हॉर्सपॉवरची आणि १८ देणारी गाडी चांगली आहे, एवढंच माझं म्हणणं होतं.

द्राक्षवाला_तासगाव

एवढंच म्हणणं असतं तर मी उत्तरच दिलं नसतं. "हिशेब कळत नाही" हे कुणाला उद्देशून होतं? अमेरिकेत एसीत बसून आमच्या धुराची मापं काढायची आणि कुणी विचारलं की "माझ्यापुरतं म्हणत होतो"? रिटर्नचा मुद्दा बघतो. या खेपेला जाताना आणि येताना वेगवेगळी टाकी फुल करून लिहितो.

फिटर_कराड

गेली सव्वीस वर्षं पाने हातात आहेत, म्हणून थोडं लांबण लावतो.

हायब्रिड शहरात जास्त आणि हायवेला कमी का देतं? ब्रेक मारला की एरवी जी ताकद लायनर तापवण्यात जाते, ती मोटरच जनरेटर होऊन बॅटरीत भरते. सिग्नलला इंजिन बंद, पुढं सरकताना बॅटरी. हायवेला ब्रेकच लागत नाही, मग परत मिळवायचं काय? तिथं नुसतं पेट्रोल इंजिन वारा कापत पळतं. त्यात एक लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के ऊर्जा जास्त असते. लांबच्या लोडला डिझेल पुढं राहणार, यात नवल नाही.

आता घाट. लोक म्हणतात उतारावर बॅटरी भरून निघेल. कराडहून पाटणमार्गे कुंभार्ली उतरून चिपळूणला जा म्हणजे कळेल. १७०० किलोची गाडी ३०० मीटर खाली आली की साधारण १.४ युनिट ऊर्जा मोकळी होते. मॅव्हरिकची बॅटरी १.१ युनिटची, आणि तीही पूर्ण रिकामी ते पूर्ण भरलेली अशी वापरत नाहीत. थोडी ऊर्जा चाकांच्या घर्षणात आणि वाऱ्यात जाईल, तरी अर्धा घाट उतरायच्या आत बॅटरीत जागा उरत नाही. पुढचा घाट इंजिनाच्या आणि ब्रेकच्या जिवावर. चढताना मात्र जेवढं साठवलं तेवढंच मिळतं, बाकी सगळं पेट्रोल.

आणखी एक. हायब्रिड म्हणजे सगळं एकच नव्हे. टोयोटानं युरोपात हायलक्सला ४८ व्होल्टची मोटर जोडली, ती १२ किलोवॅटची. तिच्यानं फरक पडतो तो पाच टक्क्यांच्या आसपास. मॅव्हरिक पूर्ण हायब्रिड आहे, ती नुसत्या बॅटरीवरही सरकते. दोन्हींना एकच नाव देऊन भांडू नका.

पण तासगावकरांनाही सांगतो. सांगलीत गणपती पेठेत, वखारभागात दिवसभर शंभर ठिकाणी थांबणारे पार्सलवाले, दूधवाले आहेत. पावणेपाचशे किलो माल, ताशी वीसचा वेग. त्यांना असली गाडी मिळाली तर डिझेलवाला जवळपाससुद्धा येणार नाही. आपल्याकडं पूर्ण हायब्रिड पिकअप विकायलाच नाही, ही खरी अडचण.

शाहूपुरीची_लेक

माझ्याकडं पिकअप नाही, हायब्रिड एसयूव्ही आहे. दर सोमवारी सातारा-पुणे, शुक्रवारी परत. कागदावर २७ च्या वर. पुण्याच्या गर्दीत २२-२३ मिळायचे, हायवेला १९, आणि शुक्रवारी येताना खंबाटकी चढले की स्क्रीनवरचा आकडा डोळ्यांदेखत उतरतो. फिटरदादा म्हणतात ते शंभर टक्के खरं.

कागदावरचा आकडा खोटा नसतो, चाचणीच वेगळी असते. आपल्या चाचणीत वेग ९० च्या वर जात नाही. अमेरिकेच्या चाचणीत ताशी १३० च्या आसपासचा वेग, चालू एसी आणि गोठवणारी थंडीसुद्धा धरतात. म्हणून तिथल्या माणसाला कागदाइतकं मिळतं आणि आपल्याला मिळत नाही.

पण माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून पुण्याच्या गर्दीतले २२ चे १९ झाले. पंपावर दुसरं साधं पेट्रोल मागायची सोय नाही आणि भाव एक रुपयानं उतरला नाही. हायब्रिड घ्या, पेट्रोल वाचवा म्हणायचं आणि त्याच टाकीत कमी ताकदीचं इंधन ओतायचं?

वाळव्याचा_ऊसवाला

आलं का शेवटी उसावर. ताई, हा हिशेबही मांडूया. उसापासनं होणाऱ्या इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा. वीस टक्के मिसळलं तर शुद्ध पेट्रोलपेक्षा तूट सहा-सात टक्के. पण तुम्ही आधी शुद्ध पेट्रोल भरत होता का? ई-१० भरत होता. दहावरनं वीसला गेल्यावर तूट साडेतीन टक्क्यांच्या आसपास. २२ चे सव्वाएकवीस होतील, १९ नव्हेत. बाकीचे दोन किलोमीटर टायरच्या हवेत, एसीत नाहीतर एअर फिल्टरमध्ये शोधा. सगळं खापर उसावर फोडू नका.

शाहूपुरीची_लेक

टायर आणि फिल्टर मी दर महिन्याला बघते, मला शिकवायची गरज नाही. २०२१ च्या नीती आयोगाच्या अहवालात जुन्या धाटणीच्या चारचाकींना ६-७ टक्के फटका बसेल असं छापलंय. तुमचे साडेतीन धरले तरी ते पैसे माझ्याच खिशातनं जातात ना? कमी ऊर्जेचं इंधन कमी भावात द्या, एवढी साधी मागणी आहे.

वाळव्याचा_ऊसवाला

भावाची मागणी रास्त आहे, ती मी नाकारत नाही. पण भाव आम्ही ठरवत नाही. राग काढताना मात्र "ऊसवाले माजलेत" असा सूर येतो, तो मला सोसत नाही. कायदा सांगतो ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल द्या. २०१८ साली आमच्या एका कारखान्यानं आठ महिने थकवलं. मुलीची इंजिनिअरिंगची फी भरायला बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या. त्या कारखान्याची डिस्टिलरी वाढली, इथेनॉलचे पैसे यायला लागले, तेव्हापासून बिल वेळेत पडतंय. तुमचे लिटरमागं पाऊण किलोमीटर गेले असतील, माझ्या घरात त्या पाटल्या परत आल्या.

जत_पूर्वभाग

पाटल्या परत आल्या, चांगलं झालं. पाणी कुठनं आलं तेही सांगा की. कृष्णेकाठी बारा महिने पाटपाणी देऊन ऊस पिकवायचा, त्याचं इथेनॉल करायचं, ते पुण्याच्या गाडीत जाळायचं. आणि आम्ही म्हैसाळ उपसा योजनेच्या पाण्याच्या आवर्तनाकडं डोळे लावून बसायचं. माझ्या वडिलांनी तीन उन्हाळे टँकरच्या पाण्यावर डाळिंबाची बाग जगवली, चौथ्या उन्हाळ्यात तोडून टाकली. ॲव्हरेज कसला मोजताय? एका लिटर इंधनामागं किती लिटर पाणी गेलं ते मोजा.

वाळव्याचा_ऊसवाला

आम्ही ऊस लावतो म्हणून जतला पाणी येत नाही? ताकारी, टेंभू, म्हैसाळची कामं किती दशकं रखडली, ती आम्ही रखडवली का? आणि आता देशात मक्याचंच इथेनॉल उसापेक्षा जास्त निघतंय. ७ डिसेंबर २०२३ ला सरकारनं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली, तेव्हा ऐन हंगामात आमचे कारखाने अडकले. तेव्हा आमच्यासाठी कोण बोललं?

जत_पूर्वभाग

ती बंदी काही दिवसांत सैल झाली. आमच्याकडचा दुष्काळ कुणी सैल केला नाही. आमचं मका पावसावर येतं. त्याचं इथेनॉल केलं तर माझी हरकत नाही. उसाला आहे आणि राहणार.

वाळव्याचा_ऊसवाला

मग साखर खाणंही सोडा.

द्राक्षवाला_तासगाव

भावांनो, थांबा. पाण्यावर बोलायला मलाही खूप आहे, माझी बाग ठिबकवर आहे. पण हा विषय पिकअपचा आहे. वाळवेकर, साखरेचं शेवटचं वाक्य मागं घ्या. ज्याची बाग तुटली त्याला असं बोलू नये.

वाळव्याचा_ऊसवाला

घेतलं मागं. पाण्याचं वाटप चुकलंय, हे मीही मानतो. उसाची चूक मानत नाही.

ह्यूस्टनचा_सांगलीकर

एक माहिती देतो. इथंही बहुतेक पंपांवर दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, म्हणजे माझे १८.३ हे ई-१० वरचे आहेत. हीच गाडी सांगलीत ई-२० वर चालवली तर साडेसतरा-पावणेअठरा धरा. वाळवेकरांचा हिशेब मला पटतो.

आणि काका, धुराचं वाक्य. माझे वडील बावीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डातनं हळदीची पोती वाहत होते, डिझेलच्या टेंपोतनं. हंगामात रांग लागली की तीन-तीन तास इंजिन चालू-बंद करत उभं राहायचं. मी शाळा सुटली की डबा घेऊन जायचो. त्यांचा शर्ट आणि त्यांचा खोकला मला अजून आठवतो. मी लिहिलं ते त्या रांगेबद्दल होतं, पण लागलं तुम्हाला. त्या रांगेत इंजिन बंद ठेवून सरकणारी गाडी त्यांना मिळायला हवी होती, असं मला वाटतं. हिशेबाचं वाक्य चुकीचं होतं.

द्राक्षवाला_तासगाव

मार्केट यार्डातली ती रांग मलाही ठाऊक आहे. वडिलांचं वाचून वाईट वाटलं. त्या रांगेपुरतं तुमचं म्हणणं मान्य.

आता कबूल केल्याप्रमाणं आकडे. मंगळवारी संध्याकाळी दीड टन माल घेऊन वाशीला गेलो, बुधवारी दुपारी रिकामा परत. रिटर्न भाडं मिळालं नाही. अंतर एका बाजूनं ३५० किलोमीटर. दोन्ही वेळा ऑटो कटपर्यंत (पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत) टाकी भरली, जास्तीचा एक थेंब नाही.

जाताना ३१.२ लिटर, म्हणजे ११.२ चा ॲव्हरेज. मी १२ म्हणालो होतो. वहीत हिवाळ्यातले आकडे बघून बोललो, या उन्हाळ्यात ११.२ आहे. येताना २४ लिटर, म्हणजे १४.६. दोन्ही मिळून ५५.२ लिटरमध्ये दीड टन माल ३५० किलोमीटर गेला. लिटरला साडेनऊ टन-किलोमीटर. माझे १८ जवळजवळ निम्म्यावर आले, हे तुमचं बरोबर निघालं.

पण मग तुमचीही गाडी त्याच रस्त्यानं न्या. ६०० किलो घेऊन जायचं, रिकामं परत यायचं, दोन्ही बाजूंनी १४ धरले तर ५० लिटर लागतात. लिटरला ४.२. दीड टन द्राक्षं पोचवायला तुम्हाला अडीच खेपा लागतील, आणि वाशीचा पहाटेचा लिलाव दुसऱ्या खेपेसाठी थांबत नाही.

ह्यूस्टनचा_सांगलीकर

४.२ मान्य. लोड घातल्यावर १४ ही मिळणार नाहीत, त्यामुळं चारच्या खालीच धरा. वहीच्या त्या पानाचा फोटो टाकता का? हिवाळ्यातलं पान आणि हे पान, दोन्ही शेजारी शेजारी.

द्राक्षवाला_तासगाव

टाकतो. वही गाडीत आहे आणि गाडी भाच्यानं विट्याला नेलीय. रात्री आला की टाकतो.