डांगाणचा तालुका वेगळा करा, राजूर मुख्यालय करा: बाजूने आणि विरोधात बोला

घाटमाथा (धागाकर्ता)

नगर जिल्ह्याच्या, आता अहिल्यानगर म्हणायचं, विभाजनाचा विषय दर निवडणुकीला निघतो. १७ हजार चौरस किलोमीटरचा, राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा. मग उत्तर की दक्षिण, मुख्यालय संगमनेर की श्रीरामपूर की शिर्डी, यावर महिनाभर हाणामारी होते आणि विषय परत फडताळात. या सगळ्यात आमच्या डांगाणचं नाव कुणी घेत नाही.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. अकोले तालुक्याचा पश्चिमेकडचा डोंगरी भाग म्हणजे डांगाण. राजूर, शेंडी, घाटघर, रतनवाडी, साम्रद, बारी हा सगळा पट्टा. राज्यातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) इथलंच. प्रवरा रतनगडाच्या अंगाखांद्यावरून निघते, मुळा हरिश्चंद्रगडाच्या बाजूने. वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकरांची. तालुक्याचं गाव अकोले मात्र पूर्वेला, प्रवरेच्या सपाट खोऱ्यात, उसाच्या शेजारी. घाटघरच्या माणसाला एका दाखल्यासाठी तिथवर पन्नासेक किलोमीटर उतरायचं. जिल्ह्याचं काम असलं तर आणखी शंभराच्या वर. त्याला नगरपेक्षा नाशिक कितीतरी जवळ.

माझं म्हणणं एवढंच नाही की कचेरी लांब आहे. कचेरी लांब असण्याची सवय आहे आम्हाला. म्हणणं हे, की या तालुक्याचे दोन अर्धे एकमेकांशी जुळतच नाहीत. घाटघर-रतनवाडीला चांगल्या वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तोच ढग पूर्वेकडे सरकत जातो तसा रिकामा होतो, आणि नगरपर्यंत पोचताना वर्षाचे पाच-सहाशे मिलिमीटर उरतात. वर भात, नागली, वरई, खुरासणी. खाली ऊस आणि डाळिंब. वर आवणीच्या, म्हणजे भात लावायच्या दिवसांत शाळा रिकाम्या, खाली ऊसतोडीच्या दिवसांत. एका तहसीलदाराने दोन्हीकडचे पंचनामे एकाच मापाने करायचे म्हटल्यावर खालचंच माप वापरलं जातं.

आणि पाणी. भंडारदरा धरण १९१० ला सुरू झालं, १९२६ ला पुरं झालं. ११ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. धरण शेंडीला, पण त्याचे कालवे कुठून निघतात? ओझरच्या बंधाऱ्यावरून, संगमनेरच्याही खाली! मधे अख्खा अकोले तालुका नुसता पाणी वाहताना बघतो. एप्रिलमध्ये धरणाच्या वरच्या वाड्यांत टँकर येतो. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण कुणीतरी आमच्याकडे बघूनच केली असणार.

---

ओझरखालचा

मी लाभक्षेत्रातला शेतकरी, म्हणजे तुमच्या हिशेबात चोर. तरी लिहितो.

पाणी तुमचं, धरण तुमचं, हे बोलायला सोपं आहे. ते धरण नसतं तर ते पाणी ऑक्टोबरातच पैठणच्या दिशेने गेलं असतं. तुमच्या कातळात ते मुरत नाही, हा दोष आमचा नाही. धरण बांधलं ते खालच्या कायम दुष्काळी मुलखासाठी, ऊस नंतर आला. आणि ऊस आला म्हणून आम्ही लगेच राजे झालो नाही. हरेगावच्या कारखान्याला आमच्या आजोबा-पणजोबांच्या जमिनी खंडाने गेल्या त्या गेल्याच. खंडकऱ्यांच्या तीन पिढ्या कोर्ट-मोर्चे करून थकल्या तेव्हा जमीन परत आली. तेव्हा वरचे सगळे सोसणारे आणि खालचे सगळे खाणारे, असं चित्र काढू नका.

दुसरं म्हणजे तालुका वेगळा झाला तर पाण्याचं काय बदलणार? आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी कधी आणि किती दिवस सोडायचं, हे तहसीलदार ठरवतो का? ते ठरतं कालवा सल्लागार समितीत, पाटबंधारे खात्यात आणि वरच्या कोर्टात. राजूरला तहसील कचेरी झाली तर एक इमारत, एक जीप आणि चार टपऱ्या वाढतील.

---

नागलीभाकर

ओझरखालचा दादा, "कातळात मुरत नाही" हे अर्धं खरं आहे. मुरवायला काही केलंच नाही हे उरलेलं अर्धं. आमच्या वाडीला झरा आहे, डोंगराच्या पोटातून येतो. मार्चपर्यंत बारीक धार असते. एका दगडाखाली हंडा लावायचा, भरेपर्यंत दुसरीने तिथंच बसून गोधडीला टाके घालायचे, मग नंबर पुढे सरकतो. समोर खाली धरणाचं पाणी दिसतं, निळंशार. पर्यटक त्याचेच फोटो काढतात. ते पाणी वर उचलून आणायचं तर मोठी योजना लागते, वीजबिल लागतं, आणि शंभर-दीडशे उंबऱ्यांसाठी ते परवडत नाही असं साहेब सांगतात.

आता घाटघरला काय केलंय ते सांगते. तिथं २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. विजेची मागणी कमी असेल तेव्हा कोकणातल्या खालच्या तलावातून पाणी चारशेहून जास्त मीटर वर चढवतात, मागणी वाढली की खाली सोडून वीज करतात. म्हणजे विजेसाठी पाणी सह्याद्री चढू शकतं. माणसांसाठी चढायचं म्हटलं की परवडत नाही.

तालुका वेगळा हवा की नको, मला फार कळत नाही. पण निर्णय घेणारा माणूस राजूरला बसला तर निदान त्याला तो झरा मार्चमध्ये दाखवता येईल.

---

कागदपत्री

भावना समजल्या, आता जरा कागद.

एक. १९९९ मध्ये राज्यात बरेच नवे तालुके झाले. आपल्याच जिल्ह्यात राहाता झाला, तो सपाटीवरचा, पैसेवाला. त्याच वेळी जव्हारमधून विक्रमगड निघाला, तो डोंगरी आणि आदिवासी. राहात्याला तालुका झाल्याचा फायदा दिसतो, कारण तिथं आधीपासून बाजार, कारखाने, शिर्डी होती. विक्रमगडचे लोक अजूनही पावसाळा संपला की कामाला बाहेर पडतात. तालुका झाल्याने स्थलांतर थांबत नाही. आपल्याकडचे लोकही नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर उभे राहतात, ते राजूरला तहसील झाल्यावर उभे राहायचे थांबतील का?

दोन. अकोले विधानसभा अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे, लोकसंख्येत आदिवासी जवळपास निम्मे. एकत्र आहात म्हणून आमदार तुमचा आणि खालच्या अर्ध्यालाही त्याच्याच दारात यावं लागतं. महसुली तालुका तुटला म्हणून मतदारसंघ लगेच तुटत नाही हे खरं, पण पंचायत समिती तुटते. आज पंचायत समितीत पूर्वेच्या पैशाबरोबर तुमचाही वाटा निघतो. उद्या फक्त डोंगराची पंचायत समिती झाली की तिचं स्वतःचं उत्पन्न काय? 

तीन. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय कुठं आहे? राजूरलाच. आश्रमशाळा, वसतिगृहं, योजना, सगळं तिथून चालतं. मुख्यालय जवळ असल्याने कारभार सुधारतो हा तुमचा सिद्धांत असेल तर त्या कार्यालयाचा अनुभव मांडा की.

मधला मार्ग अपर तहसीलदार कार्यालयाचा आहे. दाखले, फेरफार, सातबारा तिथं होतील. त्यासाठी नकाशा फाडायची गरज नाही.

---

सह्यवारी

मी तिकडचा नाही, भटका आहे, पण इतिहासाचा एक मुद्दा कुणीच घेतला नाही म्हणून लिहितोय.

डांगाण हा "कोपरा" कधीपासून झाला? नकाशावर बघितलं तर तो कोपराच वाटतो, पुढे कडा आणि खाली कोकण. पण ज्या काळात माल बैलांवरून घाट चढत होता त्या काळात हा दरवाजा होता. रतनगड, अलंग, मदन, कुलंग, हरिश्चंद्रगड हे एवढे किल्ले एकमेकांच्या नजरेत कुणी हौसेने बांधत नाही. घाटवाटांवर नजर ठेवायची म्हणून ते आहेत. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर बघा. ते कोरीव काम आडवळणाच्या खेड्यात आलंच कसं, हा प्रश्न पडत नसेल तर तुम्ही फक्त सेल्फी काढून आलात.

१८१८ ला पेशवाई गेली आणि इंग्रजांनी या किल्ल्यांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या. गडांची आणि घाटांची राखण करणाऱ्या कोळी नाईकांची वतनं आणि पगार कापले. वरून सावकार. राघोजी भांगरे याच मातीतला, देवगावचा. त्याचे वडील रामजीही बंडात होते. सावकारांच्या वह्या आणि इंग्रजांची ठाणी, दोन्ही त्याच्या रोखावर होती. पंढरपुरात पकडला गेला आणि २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. पुढे रेल्वे थळ घाटातून इगतपुरीला चढली, रस्ताही तिकडूनच गेला. दरवाजाची मागची भिंत झाली ती अशी.

म्हणून मला वाटतं की फक्त तालुका मागणं ही फार छोटी मागणी आहे. इगतपुरीचा दक्षिण भाग, डांगाण, जुन्नरचा पश्चिम भाग हा एकच मुलूख आहे. भाषा तीच, डांगी बैल तेच, बोहाड्याचा सोंगांचा उत्सव तोच. तीन जिल्ह्यांत तो वाटला गेला म्हणून तिन्ही जिल्ह्यांत शेपटाला आहे. मागायचं तर सगळ्यांचं मिळून मागा.

---

ओझरखालचा

सह्यवारी, तुम्ही तर थेट नवीन जिल्हाच काढलात. पालघर २०१४ ला झाला, तोही कित्येक वर्षांच्या मागणीनंतर. तुम्ही भटके, तुम्हाला घाई नाही.

---

घाटमाथा

ओझरखालचे भाऊ, तुमच्याच बोलण्यातून एक गोष्ट पुढे नेतो. मराठवाड्याचा पाण्याचा वाद निघाला की तुम्ही काय म्हणता? २००५ च्या कायद्याखाली २०१४ मध्ये ठरलं, की जायकवाडीत १५ ऑक्टोबरला साठा ६५ टक्क्यांच्या खाली असला की वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. ते सोडायची वेळ आली की संगमनेर, राहाता, श्रीरामपूर सगळे रस्त्यावर. "आमच्या हक्काचं पाणी, आमच्या डोळ्यांदेखत खाली जातंय." बरोबर? हेच वाक्य डांगाणचा माणूस बोलला की तो भावनिक. आपला तो बाळ्या!

कागदपत्रींचा आमदाराचा मुद्दा मान्य, तो वजनदार आहे. पण राजूरच्या प्रकल्प कार्यालयाचं उदाहरण माझ्या बाजूने जातं. त्या कार्यालयावर मोर्चा न्यायचा तर आम्ही सकाळी भाकरी खाऊन निघतो आणि संध्याकाळी घरी असतो. नगरला मोर्चा न्यायचा तर आदल्या रात्री ट्रक ठरवावा लागतो. कारभार चांगला की वाईट हे नंतर. जाब विचारायला जवळ असला पाहिजे.

निळवंड्याचं बघा. भंडारदऱ्याच्या खालीच दुसरं धरण, आठ टीएमसीच्या वर. काम सत्तरच्या दशकापासून चाललेलं. डाव्या कालव्याचं लोकार्पण पंतप्रधानांच्या हस्ते ऑक्टोबर २०२३ मध्ये झालं. अकोल्यासाठी उच्चस्तरीय कालवे भांडून मिळवावे लागले. आणि ते भांडण पूर्वेकडच्यांनीही केलं, हे कबूल. पण ते उच्चस्तरीय म्हणजे तरी कुठवर? निळवंड्याच्या पातळीवर. शेंडीच्या वर काय?

---

बोरीबाभूळ

मूळ अकोले गावातला. आम्हाला या धाग्यात कुणी विचारतच नाही, वरचे आणि खालचे आपसात भांडतायत आणि आम्ही मधे.

अगस्ती आश्रमाच्या जत्रेला अख्खं डांगाण उतरतं. अकोल्याच्या बाजारात हिरडा, खुरासणी, काळभात वरूनच येतो. दवाखाना, कॉलेज, नातीगोती सगळं मिसळलेलं. कोतूळ-ब्राह्मणवाड्याकडची मुळेची बाजू आणि समशेरपूरकडची आढळेची बाजू कुणाच्या वाट्याला टाकणार? हा तालुका तीन नद्यांचा आहे. तुम्ही एकाच नदीचा नकाशा डोक्यात धरून कात्री चालवताय.

बियाण्यांचं काम करून पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे कोंभाळण्याच्या. कोंभाळणे तुमच्या डांगाणात की आमच्यात? उद्या त्यावरही भांडाल.

---

नागलीभाकर

बोरीबाभूळ भाऊ, जत्रेला उतरतो ते खरंच. पण जत्रेला उतरतो आणि उत्पन्नाच्या दाखल्याला उतरतो, यात फरक आहे. दुसऱ्या वेळी मजुरी बुडते, आणि "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" ऐकून परत चढावं लागतं.

आणि एक राहिलं. मे-जूनमध्ये काजवे बघायला गाड्यांची रांग लागते. रात्रभर हेडलाईट, हॉर्न, बाटल्या. भंडारदऱ्याच्या रस्त्यावर बाळंतिणीची गाडी अडकली तर काय, असा विचार येतो. अभयारण्य १९८६ पासूनचं आहे, आम्हाला गुरं चारायला नियम, यांना नाहीत. तो रस्ता कुणाच्या ताब्यात, वनखातं, बांधकाम, पोलीस, काहीच कळत नाही. तक्रार घेऊन जायचं कुठं?

---

कागदपत्री

ताई, याचं उत्तर तालुक्यात नाही, ग्रामसभेत आहे. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा. अकोल्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, तुमची बहुतेक गावं त्यात असणार. सामूहिक वनहक्क घेतलेल्या गावाच्या ग्रामसभेला तिच्या जंगलाच्या राखणीबद्दल बोलायचा अधिकार आहे. काजव्यांच्या गर्दीचे नियम, वाहनं कुठं थांबवायची, शुल्क कुणाकडे जायचं, याचा ठराव करा. तहसीलदाराची वाट बघू नका.

आणि घाटमाथा, पाण्यासाठी तालुका मागण्यापेक्षा कालवा सल्लागार समितीत पाणलोटातल्या गावांचा प्रतिनिधी मागा. आज तिथं लाभक्षेत्राचं बोलणं होतं. पाणी जिथं पडतं तिथला माणूस बैठकीला असणं ही मागणी नाकारायला खालच्यांना जड जाईल.

---

ओझरखालचा

ही मागणी मी आमच्याकडच्या बैठकीत स्वतः मांडीन. प्रतिनिधीने फक्त पिण्याच्या पाण्याचं बोलावं, आवर्तनाच्या तारखांत हात घालू नये.

---

घाटमाथा

म्हणजे खुर्ची द्यायची आणि तोंडाला कुलूप. नाही चालणार. पिण्याचं पाणी आधी राखून ठेवल्याशिवाय आवर्तनाची तारीख लागणारच नाही, एवढं तरी त्या माणसाला म्हणता आलं पाहिजे. कागदपत्री, ठरावाचा मसुदा कसा असतो ते इथंच टाका. येत्या ग्रामसभेत दोन्ही ठराव मांडतो, समितीचा आणि राजूर तालुक्याचाही. अपर तहसीलदारावर मी गप्प बसणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.