दिनविशेषाच्या फळ्यावर पहिली ओळ कुणाची?

येरळाकाठ
आमच्या वाचनालयाच्या दारात एक काळा फळा आहे. रोज सकाळी त्यावर दिनविशेष लिहायचं काम सहा वर्षं माझ्याकडे आहे. मोबाईलवर यादी येते, त्यातले चार-पाच मुद्दे उतरवतो. गेल्या ९ सप्टेंबरला लिहिलं होतं : टॉलस्टॉय यांचा जन्म १८२८, माओ यांचं निधन १९७६, कॅप्टन विक्रम बत्रा यांचा जन्म १९७४. डेअरीला दूध घालून परतणारे एक आजोबा रिकामी किटली घेऊन फळ्यासमोर थांबले. वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं आणि म्हणाले, "आज नऊ तारीख ना रं? मग आपलं कुठं हाय ह्यात?"

मला तोंड वर करून बघवेना. ९ सप्टेंबर १९४२. वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, पुढे झेंडा घेऊन परशुराम घार्गे. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, नऊ जण गेले. हुतात्मा स्मारक आमच्यापासून सायकलच्या टप्प्यात आहे, आणि मी चीनमधलं निधन लिहून बसलो होतो. फळ्यावर जागा उरली नव्हती. माओंची ओळ पुसली आणि तिथे वडूज लिहिलं. आजोबा शेवटचं अक्षर होईपर्यंत उभे होते.

तेव्हापासून माझं म्हणणं एकच आहे. फळ्यावरची पहिली ओळ सातारा-सांगलीची. बाकी जग उरलेल्या जागेत. वाचनालयाच्या बैठकीत यावरून दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारतोय.

विश्रामबाग
मला हे पटत नाही. मी सांगलीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. लहानपणी आमच्या शाळेचा असाच एक फळा होता. घरात पेपर येत नव्हता, जगातली पहिली नावं मला त्या फळ्यावर भेटली. गावातलं गावात कुणीतरी सांगतंच. टॉलस्टॉय कोण सांगणार?

आणि टॉलस्टॉय काही परका नाही. १९१० मध्ये गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत आश्रम काढला, त्याचं नाव टॉलस्टॉय फार्म. दोघांचा पत्रव्यवहार होता. वडूजला जी माणसं गेली ती गांधीजींच्या हाकेवरच ना? मग एकाच तारखेला दोघं शेजारी आले तर त्यात अपमान कुठला? तुम्ही तो धागा जोडून दाखवायला हवा होता.

शिराळकर
"गावातलं गावात कुणीतरी सांगतंच", हे कोण सांगतं ते मला दाखवा. आमच्याकडे सांगणारी पिढी संपली. माझी मुलगी कॉलेजला इस्लामपूरला जाते. वडूजच्या दुसऱ्याच दिवशी, १० सप्टेंबरला, इस्लामपूरच्या मोर्चावर गोळीबार झाला. उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे गेले. पंड्या किर्लोस्करवाडीत इंजिनिअर होते. नोकरी, पगार, सगळं असलेला माणूस मोर्च्यात पुढे होता. मुलीला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं, आणि दोष तिचा नाही, माझा आहे.

एकटी तारीख लिहून उपयोग नाही हेही तितकंच खरं. २४ ऑगस्ट कराड, ३ सप्टेंबर तासगाव, ९ वडूज, १० इस्लामपूर. तासगावात कचेरीवर तिरंगा चढला आणि गोळी सुटली नाही. सहा दिवसांनी वडूजला नऊ जण पडले. या चार ओळी एकाखाली एक वाचल्या की कळतं, पुढच्या वर्षी लोक भूमिगत का झाले आणि क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं कसं राहिलं. तेव्हा इस्लामपूर, तासगाव सातारा जिल्ह्यातच होतं. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि त्याला सांगली जिल्हा हे नाव मिळालं १९६० मध्ये. म्हणून फळा दोन्ही जिल्ह्यांचा मिळून असावा, याला माझा पाठिंबा.

गुरुवार पेठ
१९४२ पर्यंत ठीक आहे, पण मागे गेलात की तारीख कुठली धरणार? प्रतापगडच घ्या. अफजलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९. गडावर शिवप्रताप दिन होतो मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीला, तो दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो. आणि १० नोव्हेंबर ही जुन्या ज्युलियन कॅलेंडरची तारीख. आजच्या ग्रेगोरियन हिशेबाने तो दिवस २० नोव्हेंबर. इंग्रजांनी आपलं कॅलेंडर १७५२ मध्ये बदललं, तेव्हा २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. म्हणजे एका घटनेचे तीन दिवस. तुमचा फळा कुठल्या दिवशी लिहिणार?

पानिपताचंही तसंच. १४ जानेवारी १७६१, "ऐन संक्रांतीला घात झाला" असं आपण सर्रास म्हणतो. पण विवेकानंद जन्मले तो १२ जानेवारी १८६३ हा संक्रांतीचा दिवस होता. संक्रांत हळूहळू पुढे सरकत आली आहे. मग त्याच्याही शंभर वर्षं आधी ती १४ ला कशी असेल? खडूने लिहिलेलं लोक खरं धरतात. चुकीची ओळ लिहिण्यापेक्षा फळा कोरा बरा.

येरळाकाठ
कोरा फळा मला मान्य नाही. तिथी आणि तारीख दोन्ही लिहू. टॉलस्टॉयचा ९ सप्टेंबर तरी कुठे एकटा आहे? रशियात तेव्हा ज्युलियन कॅलेंडर होतं, त्याच्या घरच्यांसाठी तो २८ ऑगस्टला जन्मला. ती अडचण जगाच्या यादीतही आहे, मग आपल्याच ओळीला का अडवायचं?

कोयनाकाठची
मी पाटण तालुक्यातली. तुमच्या सगळ्यांच्या तारखा अभिमानाच्या आहेत. आमची तारीख ११ डिसेंबर १९६७. पहाटे सव्वाचारच्या सुमारास कोयनानगर हादरलं, पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. आजी होती तोवर दहा डिसेंबरच्या रात्री घरात झोपायची नाही. अंगणात घोंगडी टाकायची, उशाला कंदील. कडाक्याच्या थंडीत आम्ही पोरं विचारायचो, ती म्हणायची, "झोपा गप." कारण मला कळलं ते ती गेल्यावर, आईकडून.

म्हणून मी दोन्ही बाजूंनी विचार करते. ती ओळ फळ्यावर वाचून आजीला त्रास झाला असता, हे नक्की. पण आमच्याकडे आजही अधूनमधून जमीन हलते, आणि नव्या पोरांना तेव्हा काय करावं एवढंही कुणी शिकवलेलं नाही. लिहा. पण जयंत्यांच्या यादीत कोंबू नका. त्या दिवशी फळ्यावर तेवढंच असू द्या.

विश्रामबाग
कोयनेचं पटलं, मनापासून. तरी माझी हरकत उरतेच. आपली तारीख लिहिताना आपण तिला मोठी करतो. आमच्या सांगलीचंच बोलतो. ५ नोव्हेंबर, मराठी रंगभूमी दिन. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, त्याचा मला अभिमान आहे. पण "मराठीतलं पहिलं नाटक" असं छातीठोक लिहायचं, तर तंजावरच्या भोसले राजांनी त्याआधी मराठीत लिहिलेल्या नाटकांचं काय करायचं? पहिली ओळ आपली ठेवायची असेल, तर तिच्यातला "पहिला", "एकमेव" हा शब्द आधी तपासा.

गुरुवार पेठ
याला माझं अनुमोदन. आणि मग माझ्याकडून एक तारीख घ्या, जिच्यात मोठं करण्यासारखं काही नाही आणि वादही नाही. ७ नोव्हेंबर १९००. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, एका मुलाचं नाव दाखल झालं. रजिस्टरला १९१४ क्रमांकावर नोंद आहे : भिवा रामजी आंबेडकर. सभा नाही, मोर्चा नाही, वडील मुलाला शाळेत घालायला आले एवढंच. २०१७ पासून राज्यात हा विद्यार्थी दिवस आहे. ही ओळ रजिस्टरच्या क्रमांकासकट लिहा. फळ्यासमोर दप्तर घेऊन थांबणाऱ्या पोराला तो आकडा लक्षात राहील.

येरळाकाठ
क्रमांकासकट लिहितो. रविवारी बैठक आहे. ज्यांच्याकडे तारखा आहेत त्यांनी एका ओळीत पाठवा. फळा तीन फुटांचा आहे, ओळीत बारा-तेरा शब्दच बसतात.

विश्रामबाग
२४ जुलै माझ्याकडून. "१९४३ : सांगलीचा तुरुंग फोडून वसंतदादा पाटील आणि साथीदार बाहेर पडले." मोजले, दहा शब्द आहेत. उरलेल्या जागेत अण्णासाहेब पत्रावळे यांचं नाव येऊ द्या. ते त्या दिवशी परत आले नाहीत. आणि ९ सप्टेंबरला वडूज वर, टॉलस्टॉय खाली, पण त्याला पुसू नका.