मदत हवी आहे : रिपोर्ट नॉर्मल, पण अंगात त्राण नाही. गोळ्यांमुळे असेल का?

अँजिओप्लास्टीनंतर मेटोप्रोलोल ५० मिग्रॅ (बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी), अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४० मिग्रॅ (स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू आहेत. आधी रॅमिप्रिल ही रक्तदाबाची गोळीही होती. तिने कोरडा खोकला लागला, डॉक्टरांनी बदलून टेल्मिसार्टन दिली आणि खोकला गेला. तेव्हापासून प्रत्येक त्रासात गोळीचा संशय येतो, हेही खरं!

आता सकाळी उठतानाच थकल्यासारखं वाटतं. हातपाय गार पडतात, विचित्र आणि अगदी खरी वाटणारी स्वप्नं पडतात, नाडी ५०-५२ असते. हे सगळं बीटा ब्लॉकरने होऊ शकतं असं वाचलं. पण मांड्या-पोटऱ्या दुखतात, जिना चढताना तर फारच. ते स्टॅटिनमुळे की नुसता अशक्तपणा, काही कळत नाही. ईसीजी, इको, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं ठीक आहे. "टेन्शन घेऊ नका," एवढंच उत्तर मिळतं, आणि त्यानेच जास्त टेन्शन येतं.

मेटोप्रोलोल अचानक थांबवणं धोक्याचं असतं हे माहीत आहे, त्यामुळे मनाने काहीही बंद करणार नाही. कृपया तसा सल्ला देऊ नका.

असं कुणाला झालंय का? स्टॅटिन बदलून किंवा डोस कमी करून पाय दुखायचे थांबले का, किती दिवसांत? सीपीके तपासणी (स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या असं डॉक्टरांना आपणहून सुचवलं तर चालतं का? की सरळ दुसऱ्या कार्डिओलॉजिस्टना दाखवू?