पावसाळ्यात घरी कोणत्या रानभाज्या कराव्यात?

प्रश्न: आम्ही नुकतेच ठाण्यात राहायला आलो असून, जूनपासून बाजारात आदिवासी स्त्रिया विकत असलेल्या रानभाज्या घ्याव्याशा वाटतात, परंतु त्या कशा शिजवाव्यात, हे कृपया कोणी सांगाल का?

उत्तर १: सुरुवात टाकळ्याने करावी. त्याची कोवळी पाने चिरून, भिजवलेल्या हरभरा डाळीसह कांदा-लसणावर परतली आणि वरून ओले खोबरे घातले, की भाकरीबरोबर पुरेसे जेवण होते. निबर पाने कडवट लागतात.

उत्तर २: शेवळे मात्र जाणत्या माणसाकडून शिकूनच करावीत, कारण त्यांतील कॅल्शियम ऑक्सलेटच्या सूक्ष्म स्फटिकांमुळे घशाला खाज सुटते, म्हणूनच ती चिंच किंवा काकडाच्या आंबट फळांसह नीट शिजवतात. कृती विक्रेतीलाच विचारावी, ती आमच्यापेक्षा नेमके सांगते.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. उद्या टाकळाच आणते.